विश्लेषण : ‘वाकड्या तोंडा’चे कुळ स्कॉटलंडचे ड्यूक कसे झाले? कॅम्पबेल घराण्याच्या शाखांची आणि त्यांच्या भारत-संबंधांची गोष्ट

लंडनमध्ये 6 मे 2023 रोजी राजे चार्ल्स तिसरे यांचा राज्याभिषेक झाला. त्या सोहळ्यात सोन्याचे ‘स्पर’, म्हणजे घोडेस्वाराच्या टाचेला लावायच्या आऱ्या, वाहून नेण्याचा मान दोघांना मिळाला. त्यातले एक होते ऑस्ट्रेलियात राहणारे सायमन अॅबनी-हेस्टिंग्ज, लाउडनचे पंधरावे अर्ल. त्यांच्या आडनावात कॅम्पबेल हा शब्द नाही, पण त्यांचा किताब मूळचा स्कॉटलंडच्या कॅम्पबेल कुळाचा. त्यांच्या एका पूर्वजाचे नाव तर महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. पेशवाई संपली तेव्हा भारताचे गव्हर्नर जनरल असलेले लॉर्ड हेस्टिंग्ज ते हेच. एका डोंगराळ भागातल्या कुळाच्या फांद्या इतक्या दूरवर कशा पोहोचल्या आणि त्या कुळाच्या नावाला तीन शतकांहून जुना डाग का चिकटून आहे, याचा हा आढावा.

‘क्लॅन’ म्हणजे नेमके काय?

गेलिक भाषेत ‘क्लान’ म्हणजे मुले, अपत्ये. एका मूळ पुरुषाची सगळी लेकरे, असा त्याचा अर्थ. प्रत्यक्षात मात्र क्लॅन ही केवळ रक्ताची भावकी नव्हती. प्रमुखाच्या जमिनीवर राहणारे, त्याला खंड देणारे, लढाईत त्याच्यामागे उभे राहणारे आणि बदल्यात त्याचे संरक्षण मागणारे असे सगळेच त्यात येत. अनेकांनी प्रमुखाचे आडनाव पुढे आपलेसे केले. त्यामुळे एकाच आडनावाचे दोघे नात्याने एकमेकांचे कोणीच नसणे, ही तिथे सर्रास आढळणारी गोष्ट आहे. कुळाचा प्रमुख एक असे. त्याच्या धाकट्या भावांना आणि मुलांना जमिनी मिळत आणि त्यांच्या शाखा त्या त्या गावाच्या नावाने ओळखल्या जात. ग्लेनऑर्कीचे कॅम्पबेल, कॉडरचे कॅम्पबेल, लाउडनचे कॅम्पबेल ही नावे अशीच पडली.

कॅम्पबेलांचा उगम कुठला?

दंतकथा आणि दस्तऐवज इथे वेगवेगळ्या वाटांनी जातात. कुळाच्या परंपरेनुसार त्यांचा मूळ पुरुष म्हणजे डायरमिड, आयरिश-गेलिक कथांमधला रानडुकराची शिकार करणारा वीर. कॅम्पबेलांच्या मुकुटचिन्हावर रानडुकराचे डोके असते, त्याचा संबंध याच कथेशी जोडला जातो. दुसरी परंपरा सांगते, की ऑ सरोवराच्या परिसराची मालकी ओ’ड्यून घराण्याकडे होती आणि त्या घरची वारस असलेल्या इव्हाशी एका कॅम्पबेलाने लग्न केले. घराणे वैभवाला पोहोचल्यावर नॉर्मन पूर्वजांचीही एक कथा रचली गेली. ‘कॅम्पो बेलो’, म्हणजे सुंदर मैदान, यावरून आडनाव आले, असे तिचे म्हणणे होते. अभ्यासक ती मानत नाहीत. ‘कॅम बेल’ या गेलिक शब्दांचा अर्थ वाकडे तोंड. कोणा पूर्वजाला पडलेले हे टोपणनाव पुढे आडनाव झाले, हेच स्पष्टीकरण आज स्वीकारले जाते.

कागदोपत्री पहिला कॅम्पबेल भेटतो तो 1263 मध्ये. गिलेस्पिक कॅम्पबेल नावाच्या या माणसाकडे स्टर्लिंगजवळच्या मेन्स्ट्री आणि सॉची इथल्या जमिनी होत्या. त्याचा मुलगा कॉलिन हा कुळाचा खरा संस्थापक मानला जातो. तेराव्या शतकाच्या अखेरीस लॉर्नच्या मॅकडूगल कुळाशी झालेल्या लढाईत तो मारला गेला. त्याच्या नावावरून कॅम्पबेलांच्या प्रमुखाला आजही ‘मॅक केलन मोर’, म्हणजे ‘थोरल्या कॉलिनचा पुत्र’, असे म्हणतात.

सरदारकी मिळाली कशी?

योग्य वेळी योग्य बाजू निवडून. स्कॉटलंडच्या स्वातंत्र्ययुद्धात रॉबर्ट ब्रूसची बाजू हरते आहे असे दिसत असतानाही कॉलिनचा मुलगा नील त्याच्यासोबत राहिला. ब्रूस राजा झाला. नीलला राजाची बहीण मेरी पत्नी म्हणून मिळाली आणि ब्रूसच्या शत्रूंकडून, त्यात मॅकडूगलही आले, काढून घेतलेल्या जमिनींचा वाटा कॅम्पबेलांकडे आला. पुढच्या दीडशे वर्षांत कुळाने तलवारीइतकाच सनदा, लग्ने आणि राजदरबार यांचा वापर केला. 1445 मध्ये डंकन कॅम्पबेल ‘लॉर्ड’ झाला. 1457 मध्ये त्याचा नातू कॉलिन आर्गाइलचा पहिला अर्ल झाला. कॉलिनच्या लग्नातून लॉर्नचा वारसा घरात आला. कॅम्पबेलांच्या ढालीवर काळे गलबत दिसते ते याच लॉर्नचे. कॉलिन पुढे राज्याचा चॅन्सेलरही झाला.

त्या काळी पश्चिम किनाऱ्यावर आणि बेटांवर मॅकडोनाल्ड कुळाची सत्ता होती. त्यांचे प्रमुख ‘बेटांचे अधिपती’ म्हणवत आणि राजालाही जुमानत नसत. 1493 मध्ये राजाने ते अधिपत्य खालसा केले. त्यातून जी पोकळी निर्माण झाली ती भरायला कॅम्पबेल तयारच होते. राजधानीतून दूर असलेल्या या मुलखात राजाचा माणूस म्हणून तेच काम करू लागले. बंडखोराला शिक्षा करण्याचा हुकूम आणायचा, तो अमलात आणायचा आणि जप्त झालेल्या जमिनीची सनद आपल्या नावावर करून घ्यायची, हा क्रम पुढे अनेकदा दिसतो. शेजारच्या कुळांच्या मनात कॅम्पबेलांबद्दल जी अढी बसली, तिचे मूळ इथे आहे.

ग्लेनऑर्कीची शाखा इतकी बलाढ्य का झाली?

पहिल्या लॉर्डने आपला धाकटा मुलगा कॉलिन याला 1432 मध्ये ग्लेनऑर्कीचे खोरे दिले. कॉलिनने ऑ सरोवराच्या काठावर किलचर्नचा किल्ला बांधला. त्याचे अवशेष आज स्कॉटलंडच्या पर्यटन जाहिरातींत हमखास दिसतात. 1631 मध्ये वारलेला ‘काळा डंकन’ हा या शाखेचा सातवा प्रमुख. सात किल्ल्यांचा धनी म्हणून तो ओळखला जाई. या शाखेने पूर्वेकडे सरकत सरकत टे सरोवराभोवतालचा मुलूख ताब्यात घेतला आणि त्या भागातल्या मॅकग्रेगर कुळाला जमिनीवरून हुसकावले. 1681 मध्ये अकरावा प्रमुख सर जॉन हा ब्रेडॅल्बेनचा अर्ल झाला. 1842 मध्ये तरुण राणी व्हिक्टोरिया टेमथ किल्ल्यावर आली तेव्हा ब्रेडॅल्बेनच्या मार्क्विसने तिचे स्वागत एखाद्या राजासारखे केले होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या शाखेकडे चार लाख एकरांहून अधिक जमीन होती.

याच काळात त्यांच्या खोऱ्यांमधून कुळांना, म्हणजे शेती कसणाऱ्या कुटुंबांना, बाहेर काढले जात होते. मेंढपाळीत खंडापेक्षा जास्त पैसा होता. ज्यांच्या पूर्वजांनी प्रमुखासाठी लढाया केल्या, त्यांच्या वंशजांना कॅनडाची जहाजे पकडावी लागली. पुढे कर्जाच्या ओझ्याखाली टेमथचा किल्लाही 1920 च्या दशकात घराण्याच्या हातून गेला. 1995 पासून ब्रेडॅल्बेनचा अर्ल हा किताब धारण करणारे कोणी नाही.

कॉडरच्या शाखेची सुरुवात अपहरणातून?

होय. शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’मुळे कॉडर हे नाव जगभर पोहोचले, पण आजचा किल्ला मॅकबेथच्या काळानंतर काही शतकांनी बांधला गेला. पंधराव्या शतकाच्या अखेरीस त्या घराण्याची एकमेव वारस उरली होती म्युरिएल नावाची चिमुरडी. राजाने तिचे पालकत्व आर्गाइलच्या अर्लकडे दिले होते. 1499 मध्ये कॅम्पबेलांची माणसे तिला उचलून आर्गाइलला घेऊन निघाली. परंपरा सांगते, की पुढे भलतीच मुलगी पुढे केली जाऊ नये म्हणून घरच्यांनी तापलेल्या किल्लीने तिच्या अंगावर डाग दिला आणि दाईने तिच्या बोटाचे पेर चावून तोडले. पाठलाग करणाऱ्यांशी झालेल्या झटापटीत कॅम्पबेलांच्या एका सरदाराची अनेक मुले मारली गेली, असेही सांगतात. 1510 मध्ये, वयाची जेमतेम बारा वर्षे झालेली असताना, म्युरिएलचे लग्न अर्लचा धाकटा मुलगा सर जॉन कॅम्पबेल याच्याशी लावले गेले. कॉडरचे अर्ल आजही कॅम्पबेल आडनाव लावतात. त्यांच्या कुळकथेच्या मुळाशी एका लहान मुलीच्या संमतीशिवाय झालेला हा व्यवहार आहे.

दोन पिढ्यांत दोन शिरच्छेद कसे?

सतराव्या शतकात कॅम्पबेलांचा नेहमीचा हिशेब चुकला. आठवा अर्ल आर्किबाल्ड 1641 मध्ये मार्क्विस झाला, पण राजा चार्ल्स पहिला आणि स्कॉटलंडचे प्रेस्बिटेरियन पंथीय यांच्या संघर्षात तो राजाविरुद्ध उभा राहिला. 2 फेब्रुवारी 1645 रोजी इन्व्हरलॉकी इथे मॉन्ट्रोजच्या सैन्याने त्याचा धुव्वा उडवला. सुमारे दीड हजार माणसे मारली गेली. आर्गाइल स्वतः सरोवरातल्या गलबतावरून हे पाहत होता. मॉन्ट्रोजच्या सैन्यात मॅकडोनाल्ड मोठ्या संख्येने होते आणि त्यांच्यासाठी हा जुना हिशेब चुकता करण्याचा दिवस होता. राजेशाही परत आल्यावर 1661 मध्ये एडिंबरामध्ये ‘मेडन’ या गिलोटिनसारख्या यंत्राखाली आर्गाइलचा शिरच्छेद झाला. ज्या खिळ्यावर आधी मॉन्ट्रोजचे मुंडके टांगले होते, त्याच खिळ्यावर आता याचे लागले. त्याचा मुलगा, नववा अर्ल, 1685 मध्ये राजा जेम्सविरुद्धच्या फसलेल्या उठावानंतर त्याच यंत्राखाली गेला. ते यंत्र एडिंबराच्या राष्ट्रीय संग्रहालयात आजही पाहता येते.

नातवाने मात्र बाजू बरोबर ओळखली. दहावा अर्ल विल्यम ऑफ ऑरेंजबरोबर परतला. 1689 मध्ये विल्यम आणि मेरी यांना स्कॉटलंडच्या राज्यारोहणाची शपथ त्यानेच दिली. 1701 मध्ये तो पहिला ड्यूक झाला. दुसऱ्या ड्यूकने 1707 च्या इंग्लंड-स्कॉटलंड एकीकरणाला बळ दिले. तिसरा ड्यूक, ज्याला लॉर्ड आयले म्हणत, 1727 मध्ये रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडचा पहिला गव्हर्नर झाला. बँकेच्या नोटांवर त्याचे चित्र अनेक वर्षे छापले जात होते.

ग्लेनकोचा डाग कोणाचा?

कॅम्पबेलांविषयीचा सर्वांत कडवट प्रश्न हाच. विल्यमशी निष्ठेची शपथ घेण्यासाठी कुळप्रमुखांना 1 जानेवारी 1692 ही मुदत होती. ग्लेनकोच्या मॅकडोनाल्डांचा वृद्ध प्रमुख मॅकइयन 31 डिसेंबरला फोर्ट विल्यमला पोहोचला. तिथल्या अधिकाऱ्याला शपथ देण्याचा अधिकार नव्हता. त्याला इन्व्हरेरीला पाठवले गेले. बर्फातून वाट काढत तो पोहोचला आणि 6 जानेवारीला त्याने सर कॉलिन कॅम्पबेल या शेरीफसमोर शपथ घेतली. सरकारने ती ग्राह्य धरली नाही.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला आर्गाइलच्या पलटणीचे सुमारे 120 सैनिक ग्लेनकोत आले. त्यांचा कॅप्टन होता ग्लेनऑर्की शाखेच्या एका पोटशाखेतला, कर्जात बुडालेला रॉबर्ट कॅम्पबेल ऑफ ग्लेनलायन. ग्लेनकोच्या लोकांनी काही वर्षांपूर्वी त्याची गुरे पळवली होती, तरी त्याची पुतणी मॅकइयनच्या घरात सून होती. सैनिक जवळपास दोन आठवडे मॅकडोनाल्डांच्या घरी राहिले, त्यांचे अन्न खाल्ले, त्यांच्यासोबत पत्ते खेळले. 13 फेब्रुवारीच्या पहाटे सत्तर वर्षांखालील सर्वांना ठार मारण्याचा हुकूम अमलात आला. मॅकइयनसह सुमारे 38 जण मारले गेले. हिमवादळात डोंगराकडे पळालेल्या आणखी कित्येक बायका-मुलांचा थंडीने बळी घेतला.

हुकमावर सही राजाची होती. योजना स्कॉटलंडचे कारभारी मंत्री जॉन डॅलरिंपल यांची होती आणि तेही कॅम्पबेल नव्हते. पलटणीतल्या बहुतेक सैनिकांचे आडनावही कॅम्पबेल नव्हते. 1695 च्या चौकशीने ठपका प्रामुख्याने डॅलरिंपल यांच्यावर ठेवला, पण शिक्षा कोणालाच झाली नाही. राजा आणि मंत्री इतिहासाच्या पुस्तकात गेले, लोकांच्या आठवणीत राहिले ते ग्लेनलायनचे आडनाव. कारण तिथे खून हा केवळ खून नव्हता. ज्याच्या घरचे मीठ खाल्ले त्याचा गळा कापणे हा स्कॉट कायद्यातही साध्या खुनापेक्षा गंभीर गुन्हा होता. ग्लेनकोमधल्या एका जुन्या पथिकाश्रमाच्या दारावर फेरीवाल्यांना आणि कॅम्पबेलांना प्रवेश नाही, अशी पाटी आजही आहे. आता ती पर्यटकांसाठीची गंमत असली, तरी तिच्यामागची आठवण खोटी नाही.

कुळ रक्ताने ठरते की नावाने?

मॅकग्रेगरांचे उदाहरण बोलके आहे. 1603 मध्ये सरकारने त्यांचे आडनावच बेकायदा ठरवले. हे नाव लावणे हा मृत्युदंडाचा गुन्हा झाला. 1661 ते 1693 हा काळ सोडला तर ही बंदी 1774 पर्यंत कायम होती. जगण्यासाठी त्यांनी दुसरी आडनावे घेतली, त्यात ज्यांनी त्यांना हुसकावले त्या कॅम्पबेलांचेही होते. प्रसिद्ध बंडखोर रॉब रॉय मॅकग्रेगर आपल्या आईचे कॅम्पबेल हे आडनाव लावत असे.

भारताच्या इतिहासातले एक नावही असेच आहे. 1857 च्या उठावात ब्रिटिशांचे सरसेनापती असलेले सर कॉलिन कॅम्पबेल जन्माने मॅकलिव्हर होते, ग्लासगोच्या एका सुताराचे पुत्र. कॅम्पबेल हे त्यांच्या आईचे माहेरचे नाव. सैन्यात भरती होताना मामाबरोबर गेल्यामुळे कागदावर त्यांचेही नाव कॅम्पबेल असे लागले आणि तेच राहिले. 6 डिसेंबर 1857 रोजी कानपूरला तात्या टोपे यांच्या फौजेचा पराभव करणारे सेनापती ते हेच.

जमैकामध्ये कॅम्पबेल हे आडनाव आज सर्वत्र आढळते. अठराव्या शतकात आर्गाइलहून गेलेल्यांनी तिथे उसाचे मळे उभे केले आणि ते गुलामांच्या श्रमावर चालवले. तिथल्या बहुसंख्य कृष्णवर्णीय कॅम्पबेलांकडे हे नाव त्या इतिहासातून आलेले आहे. त्यांना त्यासोबत किल्ला किंवा सनद मिळाली नाही.

महाराष्ट्राशी आणि भारताशी नाते काय?

लाउडनची शाखा सर्वांत जुन्या शाखांपैकी एक. चौदाव्या शतकात डंकन कॅम्पबेलाने लाउडनच्या वारस स्त्रीशी लग्न केले आणि एअरशायरमध्ये ही शाखा स्थिरावली. तिचा प्रमुख 1601 मध्ये लॉर्ड आणि पुढे अर्ल झाला. 1786 मध्ये पाचव्या अर्लच्या मृत्यूनंतर किताब त्याच्या लहान मुलीकडे, फ्लोराकडे आला. 1804 मध्ये तिने अर्ल ऑफ मॉयरा यांच्याशी लग्न केले. हेच पुढे गव्हर्नर जनरल आणि मार्क्विस ऑफ हेस्टिंग्ज झाले. त्यांच्याच कारकिर्दीत 1817 ची खडकीची लढाई झाली आणि 1818 मध्ये दुसरा बाजीराव शरण आला. हेस्टिंग्ज हा किताब फक्त पुरुष वारसाकडे जाणारा होता, तो 1868 मध्ये संपला. लाउडनचा किताब मात्र मुलींकडेही जाऊ शकत होता, म्हणून तो टिकला आणि अखेर ऑस्ट्रेलियात पोहोचला. लाउडनचा किल्ला 1941 मध्ये आगीत जळाला. त्याच्या भिंती तेवढ्या उभ्या आहेत.

आर्गाइलचे आठवे ड्यूक 1868 ते 1874 या काळात भारतमंत्री होते. त्यांच्या मुलाने 1871 मध्ये राणी व्हिक्टोरियाची कन्या लुईस हिच्याशी लग्न केले. तो पुढे कॅनडाचा गव्हर्नर जनरल झाला. कॅनडातील अल्बर्टा प्रांताला लुईसच्याच एका नावावरून नाव मिळाले आहे.

महाराष्ट्राच्या दृष्टीने सर्वांत उपयोगी कॅम्पबेल मात्र किताबाच्या घरातला नव्हता. सर जेम्स मॅकनॅब कॅम्पबेल हे आर्गाइलमध्ये जन्मलेल्या एका धर्मशास्त्रज्ञाचे पुत्र. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे संपादन त्यांनी केले. पुणे, सातारा, नाशिक, रत्नागिरी अशा जिल्ह्यांची जमीन, जाती, पिके, बाजार आणि इतिहास यांची जी नोंद त्या खंडांत झाली, ती आजही अभ्यासक चाळतात.

आज काय उरले आहे?

1746 च्या कलोडनच्या लढाईत कॅम्पबेल सरकारच्या बाजूने लढले. पण विजयानंतर सरकारने सगळ्याच कुळप्रमुखांचे वंशपरंपरागत न्यायाधिकार रद्द केले. आर्गाइलच्या ड्यूकला त्याबद्दल 21 हजार पौंडांची भरपाई मिळाली. राजाचा माणूस असण्याचा फायदा मिळाला, पण ज्या अधिकारावर प्रमुखपण उभे होते तो अधिकार गेला. प्रमुख जमीनदार झाला आणि कुळाची माणसे भाडेकरू.

सध्याचे तेरावे ड्यूक टॉरक्विल कॅम्पबेल हे कुळाचे प्रमुख आहेत. इन्व्हरेरीचा त्यांचा किल्ला पर्यटकांना तिकीट घेऊन पाहता येतो. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियातून लोक आपल्या आडनावाचे मूळ शोधत तिथे येतात. त्यांच्यापैकी काहींचे पूर्वज ड्यूकचे भाऊबंद होते, काहींचे त्याने हुसकावलेले शेतकरी, काहींचे नाव बदललेले मॅकग्रेगर, तर काहींचे मळ्यावरचे गुलाम. किल्ल्याच्या दारात ते सगळे स्वतःची ओळख कॅम्पबेल अशीच करून देतात.